पडायची तालीम

माझ्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं नाहीत, कुबडीची झिजलेली रबरं आहेत. कुबडीच्या टोकाला रबरी टोपण असतं. ते चार-सहा महिन्यांत एका बाजूनं झिजतं, मग नवं बसवायचं आणि जुनं फेकून द्यायचं. मला फेकवत नाही. बायको दर दिवाळीच्या साफसफाईत डबा उचलते, खुळखुळवते, माझ्याकडे रागानं बघते आणि होता तिथं ठेवते. आमच्या तालमीतले किस्सेही असेच जमले. जमवायचे म्हणून कुणी जमवले नाहीत. आम्ही झिजत गेलो आणि ते मागे राहिले.

आमची म्हणजे सोलापुरातल्या बाळीवेशीजवळच्या एका तालमीतली सकाळी सहा ते सातची बॅच. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. बॅचला नाव नव्हतं. बाकीचे पैलवान आम्हाला नुसतं 'सहा ते सात' म्हणायचे. चार माणसं आणि एक वस्ताद. चौघांत मिळून धड पाय पाच, हात सात, डोळे सहा. ही मोजदाद लक्ष्मीची, माझी नाही. ती पुढे येईलच.

*

माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे, आणि काखेत एक कुबडी. शाळेच्या ऑफिसात क्लार्क होतो, म्हणून सगळे भाऊसाहेब म्हणत. डॉक्टर दर खेपेला सांगायचे, व्यायाम करा, खांदे आणि चांगला पाय सांभाळा. कुठे करू, असं विचारलं की ते पुढच्या पेशंटला हाक मारायचे.

एके दिवशी ऑफिसला जाताना तालमीच्या दारातच मी पडलो. चार माणसं धावली. एकानं माझा दंड ओढला, दुसऱ्यानं दुसरा दंड उलट्या बाजूला ओढला, तिसऱ्यानं कुबडी उचलून लांब भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि चौथा अरेरे म्हणत राहिला. मला उभं करून सगळे समाधानानं आपापल्या कामाला गेले. कुबडी भिंतीजवळच.

दाराच्या कट्ट्यावर एक म्हातारा शेंगा फोडत बसला होता. कान कुस्तीनं चुरगळलेले, मान बैलासारखी. हे मल्लप्पा वस्ताद. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, बाहेर मराठी. मी रोज समोरून जायचो, त्यामुळे ओळखत होते. ते उठले नाहीत. शेंग सोलता सोलता म्हणाले, "भाऊसाहेब, तुला पडता येत न्हाय."

मी आधीच चिडलेलो. पडायला काय यावं लागतं, म्हणून विचारलं.

"लई यावं लागतं. पैलवानाला आमी पयलं त्येच शिकवतो. उद्या सकाळी ये."

मी गेलो. का गेलो ते मला अजून सांगता येत नाही. भांडायला गेलो असेन. तालमीच्या मधोमध कुस्तीचा हौदा होता, त्यात मऊ लाल माती, तेल-ताक-हळद घालून कालवलेली. वस्तादांनी मला हौद्याच्या कडेला उभं केलं आणि म्हणाले, पड. हनुवटी छातीला लाव, हात पुढं टेकू नको, मनगट मोडतं. कुबडी सोडून दे, तिला धरून पडू नको. पंधरा दिवस मी नुसता पडलो. पुढून, मागून, कुशीवर. मग उठायचं कसं, ते पंधरा दिवस. पालथं व्हायचं, कुबडी जवळ ओढायची, चांगला पाय पोटाखाली घ्यायचा आणि रेटा द्यायचा.

वस्तादांचा एकच कायदा होता. कुणी पडलं की बाकीच्यांनी हात पाठीमागे बांधायचे आणि मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं. दहाच्या आत कुणी हात लावायचा नाही. दहानंतर पडलेल्यानं आपण उठायचं, नाहीतर 'हात' म्हणून मागायचं. मागितला की जो असेल त्यानं द्यायचा. मी पहिल्यांदा मागितला तो तोंडातल्या तोंडात. वस्ताद हात मागे बांधून तसेच उभे.

"मोठ्यानं माग," ते म्हणाले. "हळू मागतो त्यो लाजतो."

महिन्याभरानं आईनं विचारलं, तालमीत काय शिकवतात रे? म्हटलं, पडायला. आई पोळी लाटता लाटता थांबली. "ते तर तुला येतंच होतं की!"

*

दुसरा आला अंबादास. घरात तेलुगू बोलणारा विणकर. मागावर काम करताना पट्ट्यात सापडून उजवा हात कोपरापासून गेला होता. तो हात तो कायम टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचा. बघणाऱ्याला वाटावं, हा कुठेतरी आंघोळीला निघालाय.

तालमीत शिरलं की कोनाड्यातल्या मारुतीला दोन्ही हात जोडायचे, ही रीत. अंबादास डावा हात कपाळाला लावायचा, उजवा टॉवेलमध्येच. चार-पाच दिवस वस्तादांनी बघितलं. मग एकदा म्हणाले, "त्येला काय लपवतोस? त्यानं शेपूट लपवली का कदी?"

अंबादासनं मारुतीकडे बघितलं. मग त्यानं टॉवेल काढून खुंटीला लावला. तो टॉवेल पुढे तालमीचाच झाला, आम्ही सगळे त्याला घाम पुसायचो.

वस्तादांनी त्याला एका हातानं मुद्गल फिरवायला शिकवलं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला काही नाही, त्यामुळे सुरुवातीला तो मुद्गलाबरोबर स्वतःही फिरायचा आणि पडायचा. मग आमची मोजणी सुरू. मी मराठीत मोजायचो, वस्ताद कानडीत, अंबादास दुसऱ्यांसाठी मोजायचा तेव्हा तेलुगूत. पहिले चार आकडे तिघांचे तीन. पण पाचाला कानडीतही ऐदु आणि तेलुगूतही ऐदु, सहाला दोन्हीकडे आरु. त्यामुळे चारपर्यंत गोंधळ आणि पाचाला वस्ताद आणि अंबादासचा आवाज अचानक एक व्हायचा. पडून माती खात असतानासुद्धा मला ते ऐकायला आवडायचं.

*

लक्ष्मी मोडनिंबची. दोन्ही पायांना कॅलिपर, दोन्ही काखांत कुबड्या, बाविशीची पोर. शिवणकाम शिकायला सोलापुरात मामाकडे राहायची. तालमीच्या दारात येऊन तिनं सरळ विचारलं, हितं पडायला शिकवता म्हणं, मला बी शिकवा.

तालमीत बाई! मारुतीच्या तालमीत! जुनी मंडळी तक्रार घेऊन धावली. तालमीचे पंच अण्णाराव स्वतः आले. भला माणूस, फक्त काळजीचा रोग होता त्यांना. म्हणाले, वस्ताद, माझं काही नाही, पण मारुतीला चालेल का?

वस्ताद आत गेले. कोनाड्यापुढे हात जोडून थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर आले.

"चालंल म्हणाला. फकस्त खाडा करायचा न्हाय म्हणाला."

अण्णाराव गप्प झाले. घरी गौरव्वा मात्र गप्प झाली नाही. गौरव्वा म्हणजे वस्तादांची बायको. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. तालमीला लागूनच त्यांचं घर. तिचं म्हणणं असं, की चाळीस वर्षं तुमचे लाल मातीचे लंगोट धुतले, माझी नखं लाल झाली, पण मला कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. आणि ही मोडनिंबची पोरगी आली आणि थेट हौद्यात?

वस्ताद म्हणाले, "तू कदी पडली न्हाईस की."

त्या दिवशी आमच्यासाठी आलेल्या कडक भाकरीबरोबरच्या शेंगा चटणीत मात्र एवढं तिखट होतं, की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी.

*

लक्ष्मीच्या उजव्या कॅलिपरचं गुडघ्याचं लॉक तुटलं. हे लॉक म्हणजे कॅलिपरचा जीव. उभं राहताना बसतं आणि पाय ताठ धरतं, खाली बसताना ते वर ओढायचं की गुडघा वाकतो. पुण्याला जिथं कॅलिपर बनवलं होतं तिथं कळवलं तर दोन महिने थांबा म्हणून पत्र आलं. दोन महिने लक्ष्मी घरात बसणार म्हटल्यावर वस्ताद अस्वस्थ झाले. कुर्डुवाडीला त्यांचा एक जुना शिष्य होता, हणमंता, रेल्वेत फिटर. त्याला निरोप गेला. तो रविवारी आला, कॅलिपर घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी घरच्या पडवीत स्वतः बनवलेलं लॉक बसवून घेऊन आला.

काय लॉक होतं! हणमंता छाती फुगवून म्हणाला, गाडीचा डबा सुटेल पण हे सुटायचं नाही. आणि खरंच सुटेना. बिचाऱ्यानं जन्मभर डबेच बघितलेले. त्यानं लॉक असं बनवलं होतं, की ते रेल्वेच्या डब्याच्या दारासारखं चौकोनी किल्लीनंच उघडायचं! ती किल्लीही त्यानं काळ्या दोऱ्यात ओवून आणली होती.

लक्ष्मीनं ती गळ्यात घातली. बसायचं झालं की किल्ली लावायची, उठायचं झालं की पुन्हा लावायची. कुणी विचारलं कसली किल्ली, तर म्हणायची गाडीची. कुठली गाडी? माझी.

एकदा पंचमीला मोडनिंबला जाताना ती किल्ली मशीनच्या खणात विसरली. एस.टी.त उजवा पाय वाटेत आडवा, कंडक्टर दर तिकिटाला तो ओलांडून जातोय. घरी चार दिवस ती एक पाय समोर ताठ करून जेवली. परत आली तर तक्रार नाही. म्हणाली, समद्यांनी इतकं जपून पाय ओलांडला, जन्मात पहिल्यांदा घरच्यांनी माझ्या पायाकडं नीट बघितलं.

हीच लक्ष्मी पुढे माझ्या घरी आली. डबा खुळखुळवते ती हीच. पण तो किस्सा सांगायची मला परवानगी नाही.

*

युसूफभाई जन्मापासून आंधळे. विजापूर वेशीत वेताच्या खुर्च्या विणायचे. आमच्याबरोबर जोर-बैठका मारायचे आणि शेवटची दहा मिनिटं सगळ्यांची मालिश करायचे. तालमीत हजेरीचं रजिस्टर नव्हतं, गरजही नव्हती. मांडीला हात लावला की युसूफभाई सांगायचे, काल आला नव्हतास. बैठका वीस कमी मारल्यास. अंबादासनं एकदा ताप होता अशी थाप मारली, तर म्हणाले, ताप वाली रान ऐसी नै होती, म्हणजे तापातली मांडी अशी नसते.

एकदा मी तीन दिवस गायब होतो. चौथ्या दिवशी हात लावल्या लावल्या ते थांबले.

"भाऊसाब, तीन दिन किदर थे? खाना बी बराबर नै खाये."

मी म्हटलं, शाळेत तपासणी होती. त्यांनी हात काढला नाही. ते नुसते दाबत राहिले. आणि मी त्यांना, कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माढ्याला मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचे वडील आले तेव्हा मी बसलेलो होतो आणि कुबडी दाराआड होती. पोहे झाले, बोलणं छान झालं, आणि निघताना मी उभा राहिलो तेव्हा कॅलिपरचा खट्ट आवाज झाला. मुलीच्या वडिलांनी पायाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघायचं थांबवलं. आईनं पायाचं आधी कळवलं होतं म्हणे, पण पत्रात 'थोडासा' असा शब्द होता. तीन दिवस मी बहिणीकडे कुर्डुवाडीला पडून होतो.

युसूफभाईंनी माझी मांडी बराच वेळ चोळली. मग म्हणाले, "उनो आँखाँ से देखे ना? आँखाँ का क्या भरोसा, भाऊसाब."

मी हसलो. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसलो. मग त्यांनी न मारलेल्या तीन दिवसांच्या बैठका माझ्याकडून मारून घेतल्या, एका पायावर.

*

अंबादासच्या भाचीचं लग्न साखर पेठेत होतं. आम्ही सगळे गेलो. जेवणं झाली, हात धुवायच्या जागी फरशीवर पाणी साचलेलं. नवरदेवाचे सख्खे मामा, चांगले जाडजूड, जरीचा फेटा, तिथून घाईघाईनं निघाले आणि सपशेल पडले. नेमके आमच्या चौघांच्या मधोमध.

आता सवय ती सवय. विचार करायला वेळच मिळाला नाही. मी आणि लक्ष्मी भिंतीला टेकलो आणि आम्ही चौघांनी हात पाठीमागे घेतले, अंबादासनं होता तो एक, आणि मोठ्यानं मोजायला लागलो. युसूफभाईंना आवाजावरून कळलं होतं, त्यांनी दो पासून धरलं. तीन भाषांत मोजणी चालू आणि वरमामा खाली आडवे!

सातला मामा उठले. रागानं उठले म्हणून लवकर उठले. सगळा मांडव तिकडेच बघायला लागला. अंबादासच्या बहिणीचा चेहरा पांढरा पडला, आता लग्न मोडतंय की काय. आणि तेवढ्यात लक्ष्मी अगदी मनापासून म्हणाली, "मामा, हनुवटी छातीला लावायची असती."

वस्ताद पंगतीतून उठून आले. मामांच्या पाठीवरून, मनगटांवरून हात फिरवला. म्हणाले, पडलात बरं, पण उठलात लई ब्येस. हे चौघं पयल्या दिवशी दहाच्या आत उठले न्हाईत. मामांनी फेटा सरळ केला. सगळ्यांसमोर पैलवानानं पाठ थोपटल्यावर रागवणार कसं? लग्न पार पडलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी सहाला तालमीचं दार वाजलं. बाहेर मामा, गुडघ्याला पट्टी बांधलेले. इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, ते हनुवटीचं काय म्हणत होती ती पोरगी?

*

आता शेवटचा.

पुढच्या उन्हाळ्यात वस्तादांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. जो माणूस आमच्याकडून दोनशे बैठका मारून घ्यायचा, तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आम्ही रोज सहाला तालमीऐवजी त्यांच्या घरी जायला लागलो. ते वळायचे नाहीत. अव्वा त्यांना बसवायची, भरवायची, उचलायची. लक्ष्मीनं एकदा म्हटलं, वस्ताद, थोडा पाय हलवून बघू की. ते भिंतीकडे बघूनच म्हणाले, मला बघाया येऊ नगासा. घरी जाऊन लक्ष्मी खूप रडली. मी रडलो नाही, पण ऑफिसात दिवसभर उगाच सगळ्यांवर खेकसत होतो.

तालमीत सहा ते सात बंद झालं. अण्णाराव पंच घरी येऊन समजावून गेले. तुमच्याविषयी आम्हाला प्रेम आहे, पण वस्ताद नाहीत, उद्या तुमच्यातलं कुणी पडलं तर जबाबदार कोण? आम्ही एकमेकांकडे बघितलं. पडलं तर! पण त्यांचं चुकीचं होतं असंही म्हणता येईना. शेवटी ठरलं, की नागपंचमीला हौद्याची पूजा असते, तोवर वस्ताद आपल्या पायांनी हौद्यात आले तर बॅच चालू, नाहीतर तो तास पोरांच्या कुस्तीला. चौघांना दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती. सोलापुरात तेव्हा आमच्यासारख्यांना व्यायाम म्हटलं की तेवढा एक हौदा.

युसूफभाई रोज वस्तादांची मालिश करायचे. वस्ताद त्यांना अडवायचे नाहीत, कदाचित ते बघू शकत नाहीत म्हणून. एक दिवस पोटरीवर हात फिरवता फिरवता ते थांबले. आम्हाला बाहेर ओसरीवर घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ये पिंडी पडे सो आदमी की नै." पडून राहिलेल्या माणसाची ही पोटरी नव्हे.

लक्ष्मी म्हणाली, कोपरं सोललीत त्यांची, मी बघितलंय. शहाबादी फरशीवर घासल्यासारखी.

तेवढ्यात अव्वा आली. आमच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं. तिनं दार ओढून घेतलं.

मग तिनं सांगितलं. दुपारी ती नळाला गेली की वस्ताद खाटेवरून उतरतात. उभं राहायला बघतात. पडतात. पुन्हा उठतात. कुणाला कळू देत नाहीत, तिलाही नाही. तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तेव्हापासून ती पाणी भरून आली तरी आत जात नाही, दाराबाहेर उभी राहते. आतून धप्प आवाज येतो.

"कळशी दोनी हातांनी धरून ठिवते," अव्वा म्हणाली. "न्हाईतर हात आत पळत्यात."

अख्ख्या गावाला पडायला शिकवणारा माणूस. आणि स्वतः पडताना कुणी बघू नये म्हणून दुपारची वाट बघत होता. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी असं वाटलं, की आत जाऊन त्यांचे पाय धरावेत. आम्ही दोन्हीही केलं नाही. युसूफभाई आत गेले आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, की वस्ताद, नागपंचमी को नऊ दिन हैं.

नागपंचमीला सकाळी हौद्याची पूजा झाली. माती भिजवलेली, हळद टाकलेली, उदबत्त्या लावलेल्या. अण्णाराव हात जोडून उभे. आम्ही चौघं कडेला. सहा वाजून गेले. साडेसहा झाले. अण्णाराव माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, भाऊसाहेब, मनाला लावून घेऊ नका.

तेव्हा दारात वस्ताद आले. डाव्या काखेत माझी जुनी कुबडी. ती केव्हा नेली होती देव जाणे. मागे अव्वा, उंबऱ्याच्या बाहेर थांबलेली. वस्तादांनी डावा हात कपाळाला लावून मारुतीला नमस्कार केला. उजवा लोंबत होता, तो त्यांनी झाकला नाही. अंबादासनं खाली मान घातली. मग एकेक पाऊल, पाय ओढत, ते हौद्याच्या कडेपर्यंत आले, आत उतरले, मातीत दोन पावलं चालले आणि पडले.

चांगले पडले. हनुवटी छातीला, कुबडी सोडून, कुशीवर.

अण्णाराव धावले. लक्ष्मीनं कुबडी आडवी घालून त्यांना अडवलं. आम्ही हात मागे घेतले आणि मोजायला लागलो. अंबादासचा ऐदु आला, त्याच्याबरोबर नेहमी यायचा तो दुसरा आवाज आला नाही. दहा झाले. वस्ताद पालथे झाले होते, पण पुढे जमेना. मातीत तोंड असल्यासारखे बोलले, "अंबादास, हात."

अंबादास उतरला. एका हातानं शंभर किलोचा माणूस ओढायला गेला आणि त्यांच्या अंगावर पडला. मी उतरलो, कुबडी मातीत रुतली, मी पडलो. युसूफभाई आवाजाच्या दिशेनं आले आणि माझ्या कॅलिपरला अडखळून माझ्यावर. लक्ष्मी कडेला उभी राहून इतकी हसली, इतकी हसली, की हसता हसता तीही हौद्यात. पाच माणसं लाल मातीत. वस्ताद उताणे पडून छताकडे बघत होते आणि त्यांचं पोट हलत होतं. चार महिन्यांत आम्ही त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

अण्णाराव पुन्हा पुढे यायला निघाले आणि दाराकडे बघून थबकले. मग त्यांनी हळूच आपले हात पाठीमागे घेतले.

उंबऱ्यावर गौरव्वा उभी होती. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. आणि मोठ्यानं, एकेक आकडा सुटा सुटा, ती मोजत होती.

"ओंदु. एरडु. मूरु. नाल्कु."

ऐदुला मातीतून अंबादासचा आवाज तिच्यात मिसळला. आरुलाही. पुढचं तिनं एकटीनं मोजलं. दहाला हत्तु म्हणाली आणि थांबली. कुणीच उठलं नाही.

"गौरी," वस्ताद पुटपुटले. "हात."

अव्वा हलली नाही.

"मोठ्यानं मागा," ती म्हणाली.

वस्तादांनी मागितला. कोनाड्यातल्या चिमण्या उडाल्या. गौरव्वानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पदर खोचला, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि आत आली.